खडीसाखर देणारा संन्यासी

वेरिबी, रविवार

प्रिय बाबा,

आधी चष्मा लावा आणि नीट टेकून बसा. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर आपण दोघं इथली परदेशातली थंडी आणि तुमची शुगर यांच्या पुढे कधी जात नाही. आईला सांगून झालंय, त्यामुळे ती आत-बाहेर करत तुमच्या तोंडाकडे बघत असेल, तर तिकडे लक्ष देऊ नका. बाबा, माझी कादंबरी छापून येतेय! पुण्याच्या प्रकाशकांचा ईमेल आला तेव्हा मी स्टेशनवर उभी होते. मी अशी किंचाळले की शेजारच्या आजीबाईंनी घाबरून विचारलं, काय झालं बाई? मी त्यांना मिठीच मारली. तेवढ्यात ट्रेन निघून गेली, ऑफिसला उशीर झाला आणि दिवसभर मी मूर्खासारखी हसत होते.

हो, मी लिहिते. तीन वर्षं लिहितेय, बहुतेक ट्रेनमध्ये. निनाद म्हणतो की त्याची बायको त्याच्याजवळ कमी आणि यादवांच्या काळातच जास्त राहते, आणि ते खोटं नाही. कादंबरीत गोदाकाठी एक मठ आहे. तिथे काही लोक साध्या बायाबापड्यांच्या बोलीत देवाच्या गोष्टी लिहू लागलेत, आणि त्यांतला एकेक जण मरतोय. त्यांच्या पोथ्याही नाहीशा होतायत. त्याचा शोध घेते गावातली एक वैद्यीण. मारणारा आहे मठातलाच एक संन्यासी, पक्का कर्मठ. देवाची गोष्ट संस्कृतातच शोभते, बाकी सगळा विटाळ, असं तो मनापासून मानतो. मनापासून हं, ढोंगी नाही तो. म्हणून तर मला तो इतका आवडतो.

पण आधी तो पार फसला होता. विनिता म्हणून माझी मैत्रीण आहे, इथून जवळच ट्रुगानिनाला राहते. तिच्या गॅरेजमध्ये रविवारी दुपारी आम्ही लिहिणारे जमतो, आपापलं वाचतो आणि एकमेकांची सालटी काढतो. माझा संन्यासी डोळे वटारून गरजायचा, शाप द्यायचा. विनिता म्हणाली, “अगं, हा व्हिलन आहे की फुटबॉलचा कोच? नुसता ओरडतोय. याला कोण घाबरणार?” मी जाम चिडले. पण घरी येऊन त्याचं सगळं ओरडणं काढून टाकलं. आता तो हळू बोलतो. जेवल्यावर स्वतःचं पान स्वतः उचलतो. चिमण्यांना न चुकता तांदूळ टाकतो. आणि कुणाला नाही म्हणायचं असलं की आधी त्याच्या तळहातावर खडीसाखर ठेवतो आणि मग म्हणतो, “तुझ्या भल्याचंच सांगतोय.”

पुढच्या रविवारी वाचलं, तर विनिता चहा ओतायचीच विसरली. पकडला जातो तोही त्या खडीसाखरेनेच. मेलेल्या लेखकाच्या मिटल्या मुठीला मुंग्या लागलेल्या असतात आणि वैद्यीण ती मूठ उघडते. प्रकाशकांना हाच प्रसंग सगळ्यात आवडला. असा माणूस सुचला कुठून, असं त्यांनी विचारलं, आणि मी म्हटलं, सुचला असाच.

तुम्ही ओळखलंच असेल. बारावीच्या वर्षी तुम्ही माझ्या हातावर खडीसाखर ठेवली होती, आणि माझ्या गोष्टींच्या वह्या तोवर तुम्ही रद्दीत देऊन टाकल्या होत्या. तुम्ही आवाजसुद्धा चढवला नव्हता. मला अजून राग येतो, बाबा. पण गंमत अशी की त्या संन्याशाला लिहिताना मला तुमची इतकी आठवण यायची की ट्रेनमध्ये डोळे पुसावे लागायचे. त्याच्यावर माझी माया बसलीय. त्याला सुळावर द्यायला हात धजत नाही.

आणि तिथेच अडलंय. शेवटचं प्रकरण महिनाअखेर द्यायचंय, नाहीतर पुस्तक पुढच्या वर्षावर जाईल. वैद्यीण त्याच्यासमोर बसते आणि एकच विचारते, “महाराज, पाण्यात सोडण्याआधी त्या पोथ्या तुम्ही वाचल्या होत्या का?” त्या प्रश्नापुढे मला एक ओळ सुचत नाही. त्याचं उत्तर मी रचून लिहू शकत नाही, कारण ते मला खरंच ठाऊक नाही. ते तुम्हालाच ठाऊक आहे, आणि तेवढंच विचारायला हे पत्र लिहिलंय. नाही असेल, तर नाही लिहा. मी चिडेन, रडेन आणि प्रकरण पुरं करेन. पण हो असेल, तर बाबा, कशा होत्या हो त्या गोष्टी?

उत्तराची वाट बघणारी, तुमचीच,
निहारिका