पान एकशे बारा

३ मार्च
पोचलो एकदाचा! हेलिकॉप्टरमधून उतरलो, तोच फोरमननं पाठीवर थाप मारली आणि थेट जेवायलाच नेलं. भर समुद्रात लोखंडी खांबांवर उभी असलेली ही तेलाची रिग म्हणजे एक अख्खं गावच. वर यंत्रांची धडधड, खाली पाणी, मध्ये आम्ही साठ जण. खोलीत एकावर एक दोन पलंग, खालचा माझा. वरचा गडी सगळ्यांच्या खोड्या काढतो, म्हणून त्याचं नाव टिवल्या. आल्याआल्या माझ्या बुटांत त्यानं साबण घालून ठेवला. हसून हसून पोट दुखलं. ताईला नियमित पत्र लिहायचं कबूल केलंय.

१९ मार्च
टिवल्या गेला. दुपारी तो खालच्या जाळीवर रंग देत होता, जाळीच निसटली. त्याच्या कमरेच्या दोराचं टोक वर माझ्या हातात होतं. शोधायला बोट दोन तास फिरली, काही मिळालं नाही. ताईला सगळं लिहिलं, थोडं सावरून. रडू आलं नाही. जेवणही नेहमीसारखंच गेलं.

६ ऑगस्ट
ताईनं माझी पत्रं परस्पर एका प्रकाशकाला दाखवली आणि पुस्तक निघालंसुद्धा! बोटीनं दहा प्रती आल्या. दहावी कशीबशी काढलेला मी, आणि लेखक! जेवणघरात फोरमननं पान एकशे बारा मोठ्यानं वाचलं. दोर तुटेपर्यंत मी तो सोडला नाही, तळहातांची सालटी निघाली, ते पान. आचारी डोळे पुसत होता. मी हात टेबलाखाली घेतले.

२२ ऑगस्ट
टिवल्याच्या आईचं पत्र. माझ्या लेकासाठी एवढं केलंस, आता तूच माझा लेक, असं लिहिलंय. घडी घातली, ड्यूटीवर गेलो.

५ सप्टेंबर
तिचं दुसरं पत्र. लेक घरी आलाय म्हणते. अंग ओलं असतं, बोलत फारसा नाही, पण आईला लेक ओळखू येणार नाही का? दिवसभर खिडकीशी बसून पुस्तक वाचतो. फोरमन म्हणाला, म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झालाय बिचारीच्या.

११ सप्टेंबर
तिसरं. लेक म्हणतो, एकशे बारावं पान चुकलंय. तुझ्याकडून दुरुस्त करून घ्यायला सकाळीच निघाला. कसा जाशील विचारलं, तर म्हणाला, ‘आई, वाट पाठ आहे.’ चालत समुद्राकडे गेला.
पत्रावर तारीख आठ.

१२ सप्टेंबर
ताईला फोन. ते पान काढायला सांग म्हटलं. ती म्हणाली, वेडा आहेस का, दुसरी आवृत्ती छापून झाली, आणि लोकांना तेच पान आवडतंय.

१३ सप्टेंबर
दहाही प्रती उघडल्या. एकशे बारा ओलं. बाकी पानं कोरडी —

१४ सप्टेंबर, दुपार
वरचा पलंग वाकलाय. वहीवर थेंब पडताहेत. ‘लिही,’ म्हणाला. चिडलेला नाही. चिडला असता तर —

लिहितो. दोर तुटला नाही. तो लोंबकळत होता, वर बघून हसत होता. त्याला वाटलं, मी गंमत करतोय. हात दुखत नव्हते. मी सोडला.

का, विचारतोय. आठवून बघतो — काहीच नाही, तेव्हाही काही वाटलं नव्हतं, नुसती बोटं उघडली आणि — हे त्याला पटत नाहीये. खाली उतरतोय. शिडीची एक पायरी. दुसरी —