न सापडलेल्या पत्त्यांचं घर

२ मार्च
नवी नोकरी, नवं शहर, नवं घर! खिडकीतून भरपूर ऊन येतं. दादानं आल्या आल्या पंखा दुरुस्त केला आणि दिवसभर स्वतःचं कौतुक करून घेतलं. ऑफिसात माझं काम सोपं आहे. पत्ता टाकायचा, सॉफ्टवेअर नकाशावर खूण करतं. सापडला नाही, तर खूण आपोआप शहराच्या मध्यावर पडते. साहेब म्हणाले, तपासत बसू नका, 'मान्य' दाबा. मीही दाबत सुटले. आमचाच नकाशा सगळ्यांच्या फोनवर आहे, ॲम्ब्युलन्समध्येसुद्धा! दादाला दहादा ऐकवलं.

६ मार्च
दारात रोज कुणीतरी हजर. कुणाचा फोन हरवलाय, कुणाचं पार्सल. आज एकानं दादाची कॉलरच धरली. त्याची पळालेली बायको म्हणे आमच्याकडे आहे, फोनवरची खूण हेच घर दाखवतेय. दादानं त्याला समजावलं, तर थोबाडीत बसली. शेजारच्या काकू म्हणाल्या, आधीचा भाडेकरू असाच मार खाऊन गेला. माझं डोकंच फिरलं.

७ मार्च
ऑफिसात आमचाच पत्ता टाकून पाहिला. गल्ली नवी, म्हणून सापडला नाही. खूण पडली शहराच्या मध्यावर. जवळ जाऊन बघते तर काय, आमचंच छप्पर! साहेब म्हणाले, बघू. म्हणजे झालंच. मग मीच नकाशावरचा तो मध्य उचलला आणि शहराबाहेरच्या खाणीच्या तळ्यात टाकला. आता जा म्हणावं माशांना विचारायला.

९ मार्च
कुणी आलं नाही. दादा शीळ घालत भांडी घासतोय. मी भलतीच खूश आहे.

१० मार्च
तोच माणूस. आणखी दोघं. हातात सळया. जुनी खूण त्याच्या फोनमध्ये तशीच राहिलेली — मला कसं सुचलं नाही —

दादानं मला वही-फोनसकट बाथरूममध्ये ढकललं. बाहेरून कडी घातली. म्हणाला, "आवाज करू नकोस."

सळयांचा आवाज. दादाचा आवाज. मग नुसता सळयांचा.

गेले ते. दाराखालून रक्त येतंय. दादा बोलत नाही, श्वास ऐकू येतो. दार तुटत नाही. काकू फोन उचलत नाहीत.

ॲम्ब्युलन्सला पत्ता सांगितला. नीट सांगितला. निघालो म्हणाले. लिहीत बसलेय, नाहीतर वेड लागेल —

फोन आला. ड्रायव्हर म्हणतो, "ताई, आम्ही पोहोचलोय. इथं तर नुसतं पाणी आहे."

मागे फिरा म्हटलं. रस्ता सांगतेय. शाळा, मग पेट्रोल पंप, मग डावीकडे —

दादाचा श्वास —

दादा, ते येतायत, मी सांगितलंय त्यांना, डावीकडे वळून —