सेनगाव, १४.४०

१२ नोव्हें. २००७, सोम.
आज १४.५२. गुडघा कुरकुरला, पण चढावर थांबले नाही. घड्याळात दहाच आकडे राहतात, अकरावा आला की पहिला गायब. म्हणून घरी आल्यावर आधी मोबाईलमध्ये टाकायचं, मग चहा. मोबाईल घरात एकच, बाबांचा. तेव्हा पळण्याचं नाव काढायचं नाही. 'सेनगाव १४.५२' एवढंच. सेनगावच्या रस्त्याला पळते म्हणून सेनगाव. कोणी बघितलंच तर एस.टी.ची वेळ वाटेल.
घरी सांगितलंय, फिरायला जाते.
ही वही सेनगावच्या कॉम्प्युटर क्लासच्या ड्रॉवरमध्ये. किल्ली माझ्याकडे.

१५ नोव्हें.
आमच्या साखऱ्यात दिवसभर लाइट नव्हती. बाबांचा मोबाईल चार्जिंगच्या निमित्ताने सेनगावला क्लासला नेला. क्लासच्या सरांनी हिंगोलीहून मोबाईलची वायर आणि सीडी आणलीय. जोडलं. पडद्यावर बटण, 'सिंक'. मला आपलं भांडी घासायचं बेसिनच आठवलं. कॉम्प्युटर शिकवते म्हणे मी.
सर म्हणाले, "बराबर करनं. इकडचं तिकडं, तिकडचं इकडं. दोनी घरं बराबर."
दाबलं. हिरवी पट्टी सरकली आणि माझ्या सगळ्या सकाळी, सव्वीसच्या सव्वीस, समोर ओळीने उभ्या. एक आकडा हाताने लिहावा लागला नाही. पावसातली ती १५.४० पण आली, जी मी विसरूनच गेले होते. मी बराच वेळ नुसती बघत बसले. क्लासच्या पोरी हाका मारत होत्या.
फाइलला पासवर्ड घातला.
सर : "काहून गं, सोनं हाय का त्यात?"
मी व्हय म्हणाले. सर हसले.

१९ नोव्हें.
१४.४०. खरं वाटेना, घड्याळ दोनदा बघितलं.
तेच पाय, तोच रस्ता, फाट्यावरच्या एस.टी.च्या शेडपासून पुलापर्यंत आणि परत. सरांच्या गाडीच्या मीटरवर मोजलेले तीन किलोमीटर. मग आकडा उतरवतंय कोण? मी तर रोज तेवढीच दमते. छातीवर हात ठेवून ठोके मोजले. हे यंत्र वीस वर्षं आत चालूय आणि मी कधी विचारलंसुद्धा नाही.

२१ नोव्हें.
लिहूनच टाकते. गेल्या वर्षी पोलीस भरतीला बाबा सोबत आले होते. गवंडीकामाचा रोज बुडवून. शेवटच्या फेरीत मी पडले. उठले, पळाले, पाच सेकंद कमी पडले. जाळीच्या बाहेर बाबा उभे होते. घरी आल्यावर म्हणाले, "बास झालं आता. तुजी तकलीफ मला पाहवत न्हाई."
रागावले असते तर मी भांडले असते.
फॉर्म मी परत भरलाय. त्यांना माहीत नाही.

२८ नोव्हें., बुध.
घात झाला.
बाबांनी मोबाईलमध्ये 'सेनगाव १४.४०' वाचलं. गावभर सांगितलं, दोन-चाळीसची नवीन गाडी सुरू झाली. शेजारच्या पारूआत्याला डोळे दाखवायला हिंगोलीला जायचं होतं, सेनगावहून पुढची गाडी धरून. तिने एकची जीप सोडली. पाच माणसं शेडमध्ये, पिशव्या घेऊन, साडेचारपर्यंत. मी क्लासहून जीपने परतले तर तिथेच बसलेली. पारूआत्याने पदरात भाकरी बांधून आणली होती, तीच खाऊन राहिली होती.
"तुज्या बापाची गाडी काय आली न्हाई बाई," एवढंच म्हणाली.
हसू पण आलं आणि मेल्यासारखं पण झालं. आत्याला उद्या मी स्वतः नेणार.

३० नोव्हें.
जेवताना बाबा, ताटाकडे बघत :
"अशी कोनती गाडी हाय गं, जी रोज थोडी थोडी आदी येते?"
म्हणजे सगळी यादी वाचलीय. आई म्हणाली, कालवण वाढू का. मी पाणी प्याले.
मग परसात जाऊन मोबाईलमधलं सगळं पुसलं. एकेक करून.

३ डिसें., सोम.
वायर जोडली. मोबाईल परत चार्जिंगला म्हणून आणलेला. दाबताना वाटलं, आता 'बराबर' करायला गेले आणि कॉम्प्युटरमधलंही पुसलं गेलं तर?
पण ते थांबलं. त्याने विचारलं. दोन्हीकडे वेगळं आहे, कोणतं खरं धरू?
एवढंसं यंत्र आणि असला प्रश्न. मला आजवर कोणी असं विचारलं नव्हतं.
मोबाईल खरा धरला तर मी कधी पळालेच नाही. कॉम्प्युटर खरा धरला तर सगळं परत बाबांच्या खिशात. 'रद्द'चं बटण पण होतं. मी कॉम्प्युटर म्हणाले. रिकाम्या मोबाईलमध्ये माझ्या सकाळी एकामागे एक परतल्या, पावसातलीसुद्धा. डोळे भरून आले, सरांना सांगितलं खडू गेला.
बाबांनी वाचलं तर वाचोत.

१२ डिसें.
१३.४३. बाबा मोबाईल रोज उशाला घेऊन झोपतात.

१९ डिसें., बुध.
आज पळायला निघताना मोबाईल बाबांच्या उशाला नव्हता, कोनाड्यातही नव्हता. बाबाही नव्हते. कामावर लवकर गेले असतील असं वाटलं.
पळाले. परतीला पुलापासून अंगात काय आलं कोण जाणे, पाय जमिनीला लागतायत हेच कळेना. शेडला हात लावला, घड्याळ दाबलं, १३.२१. शेडमागून कोणीतरी खोकलं. बघितलं तर बाबांची पाठ, शेताच्या बांधाने निघालेली. हाक मारली नाही.
घरी मोबाईल कोनाड्यात. रोजच्यासारखा आकडा टाकायला उघडला, तर आधीच होता. मी टाकलेला नव्हता, वायर नव्हती, काही नव्हतं. बाबांना साधा नंबर लावायला आईला विचारावं लागतं. अक्षर अक्षर शोधून लिहिलेलं :
'सेनगव १३.२४. माजी जगा धर'
जागा म्हणायचंय त्यांना, त्या गाडीतली. चहा गार झाला.
तीन सेकंद त्यांना मोबाईलचं घड्याळ थांबवायचं बटण सापडेपर्यंत गेले असतील. दुपारी क्लासला माझा आकडा कॉम्प्युटरमध्ये टाकला आणि वायर जोडली. त्याने विचारलं, कोणतं खरं धरू. मी बाबांचं धरलं.
भरतीच्या मैदानाचं पत्र अजून आलेलं नाही.