चार तारांची गिटार कोणाला द्यावी याबद्दल

मी, श्रीमती मालतीबाई वामन मढवी, वय वर्षे बहात्तर, राहणार जुईनगर, नवी मुंबई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे सोडले तर प्रकृती ठीक आहे. कोणी धाक दाखवून किंवा गोड बोलून माझ्याकडून हे लिहून घेतलेले नाही. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मात्र यजमान गेल्यापासून मनाचा गोंधळ आहे. तो दाखल्यात लिहीत नाहीत, असे डॉक्टर म्हणाल्या, म्हणून मीच इथे लिहिते.

१. मला दोन अपत्ये, मुलगा विपुल आणि मुलगी मनस्वी. सिडकोने जमिनीच्या मोबदल्यात दिलेल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावरील इमारतीतला फ्लॅट, ज्यात मी राहते, तो माझ्यानंतर विपुलचा.

२. गावठाणातली खोली मनस्वीची. तिथे भाडेकरू ठेवायचा म्हणून विपुलने तिला अडवू नये. माहेरी आल्यावर उतरायला स्वतःची जागा हवी, असे ती कधी बोलली नाही. मला ते दिसते. माझी मोहनमाळही तिलाच. पाटल्या सूनबाईला.

३. यजमानांची जुनी सायकल धाकटे दीर दिनानाथ यांना द्यावी. तरुणपणी याच सायकलवरून ते गिटार स्टेशनपर्यंत पोहोचवत, म्हणून गिटारीवर आपला हक्क आहे असे ते म्हणतात. सायकल त्यांची. गिटार नाही. कारण पुढे येईल.

४. यजमान कै. वामन गोटीराम मढवी यांची गिटार. हे कलम लांबेल, वकिलांनी कापू नये.

हे रबाळ्याच्या एका कारखान्यात फिटर होते. सोबतच्या एका गोवेकर कामगाराने यांना चार तारांची, खालच्या जाड सुरांची गिटार शिकवली, बेस म्हणतात ती. मग दर शनिवारी मुंबईच्या हॉटेलात ‘क्रीकसाइड सिक्स’ नावाच्या बँडमध्ये हे वाजवू लागले. इंग्रजी गाणी. त्या गाण्यांना सोल म्हणतात, हे मला यांच्या मरणानंतर कळले. यांच्या दोन तबकड्या निघाल्या होत्या. मला त्यात गाणारी बाई ऐकू येई. यांचे कुठे काय वाजते ते कधी समजले नाही, आणि मी विचारलेही नाही.

१९८४ साली एका रविवारी सकाळी हे घरी आले आणि गिटार चादरीत गुंडाळून कपाटावर ठेवली. मी म्हटले, “काय झालं?” हे म्हणाले, “काय नाय. जेवन वाढ.” मी वाढले. नंतर एकोणचाळीस वर्षे गिटार कपाटावरच होती. दिवाळीला मी चादर बदलत असे.

२०२३च्या नोव्हेंबरात हे वारले. बाराव्यानंतरच्या रविवारी वॉचमनने खालून फोन केला, “आजी, चाळीसेक माणसं आल्येत. तुमच्या साहेबांसाठी रडतायत.” मला वाटले पत्ता चुकला. पुण्याचे, बंगळूरचे, आणि एक जपानी गृहस्थ, जे माझ्यापुढे पुन्हा पुन्हा वाकत होते. मीही वाकत राहिले, कोणी थांबायचे ते समजेना. हातात यांच्या तबकड्या, फुले. “ते ग्रेट होते, आजी. आम्ही सगळे त्यांचंच ऐकून शिकलो.” यांना? जे भाजी आणायला विसरत? कप पुरले नाहीत, शेजारून आणले.

सगळे एकच विचारत होते. त्यांनी वाजवणं का सोडलं? पुण्याचे म्हणाले, बोटाला दुखापत. विपुल म्हणाला, बँड फुटला. दिनानाथ भावोजी सगळ्यांदेखत म्हणाले, “का म्हंजे? वैनीनी सोरवलं.” चाळीस माणसे माझ्याकडे बघू लागली. मी सोडवलेले नाही. पण मग कोणी, तेही मला सांगता येईना. गिटार भावोजींना नाही, त्याचे कारण हे.

त्यांच्यात राजलक्ष्मी नावाची मुलगी होती. बेलापूरला नोकरी करते, स्वतः असलीच गिटार वाजवते. ती माझ्यापेक्षा जास्त रडली. मला राग आला, हे लिहून ठेवते. सगळे गेल्यावर ती मागे थांबली आणि म्हणाली, “आजी, मी दोन वर्षांपूर्वी आले होते. दार त्यांनीच उघडलं. म्हणाले, वामन मढवी इथे राहत नाहीत.”

मला तो दिवस आठवला. मी स्वयंपाकघरात होते. “कोण होतं?” विचारले, तर हे म्हणाले, “चुकीचा पत्ता.”

“तुला कळलं होतं, हेच ते?”

“हो.”

“मग निघून का गेलीस?”

“त्यांना नको होतं ना, आजी.”

माझा राग गेला. मी म्हटले, “मला यांचं काही ऐकू येत नाही गं.” तिने आमच्याच टेबलावर स्पीकर ठेवून तबकडीतले गाणे लावले. “गाणाऱ्या बाईकडे लक्ष नका देऊ. खाली ऐका.” दोनदा लावले, मला बाईच ऐकू आली. तिसऱ्या वेळी तिने माझा हात धरून तळवा स्पीकरवर टेकवला. तळव्याखाली काहीतरी चालत होते, घाई न करता, बाईच्या मागेपुढे न होता, तिला धरून. बाई थांबली तरी ते थांबले नाही. गाणे संपल्यावरही मी हात काढला नाही.

म्हणून ही गिटार मी राजलक्ष्मीला देत आहे. विपुलला ती हॉलमध्ये काचेच्या कपाटात, हार घालून ठेवायची आहे. त्याचे प्रेम मला समजते, पण नको. अट एकच. राजलक्ष्मीने ती वाजवावी. नवीन तारा लावाव्या लागतील असे ती म्हणाली, त्या लावाव्यात. चादर परत करू नये.

५. हे मृत्युपत्र अमलात आणण्यासाठी व्यवस्थापक म्हणून मनस्वीला नेमते. तिला भांडता येते.

६. यजमानांच्या चाहत्यांपैकी कोणी पुढेही घरी येतील. त्यांना चहा द्यावा. यजमानांनी वाजवणे का सोडले, असे विचारल्यास माझ्या वारसांनी मनाचे उत्तर देऊ नये. दिनानाथ भावोजींनीही देऊ नये. “बायकोने पुन्हा विचारायला हवे होते, पण तिने विचारले नाही,” असे हे कधी म्हणाले नाहीत. त्या रविवारनंतर मी पुन्हा विचारले नाही, एवढे खरे आहे. तेवढेच सांगावे.

यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. वरील मजकूर मी दोनदा वाचला. सहावे कलम तीनदा वाचले आणि तसेच ठेवले.

ठिकाण : जुईनगर, नवी मुंबई
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२५

मालतीबाई वामन मढवी
(सही)

मालतीबाईंनी आमच्यासमक्ष सही केली व आम्ही त्यांच्यासमक्ष केली. आम्हांस या मृत्युपत्रान्वये काहीही मिळत नाही.

साक्षीदार :
१. डॉ. नमिता तांडेल, जुईनगर (सही)
२. भैरू शेलार, सोसायटीचे सचिव, जुईनगर (सही)