संकासूर लावण्यापूर्वीची निरवानिरव

श्री ग्रामदेवता प्रसन्न. आजवर नसल्यास निदान परवापुरती व्हावी.

मी, गुरुदास भिकाजी पाताडे, वय एकवीस, धंदा सध्या मुखवटे चिकटवणे, राहणार मौजे तोंडवली, तालुका मालवण, जिल्हा रत्नागिरी, हा कागद माझ्याच हाताने आणि माझ्याच अकलेने लिहीत आहे. मी शुद्धीवर आहे. माडी घेतलेली नाही. धाकदपटशा हरिश्चंद्र गावकरांनी केला आहे, पण ते देवाशीही तसेच बोलतात, म्हणून तो धाक धरू नये.

एकविसाव्या वर्षी मृत्युपत्र कशाला, त्याचा खुलासा आधी करतो.

आमच्या गावचा शिमगा मी मराठी पाचवीत असताना बंद पडला. होळीचे झाड उभे करताना पहिला हात कोणाचा, यावरून हरिश्चंद्र गावकर आणि माझे वडील यांच्यात जुंपली. एक ढोल फुटला, एक दात पडला. ढोल गावाचा होता, दात वडिलांचा. गावकरांनी सगळी सोंगे, म्हणजे शिमग्याचे मुखवटे, आपल्या माळ्यावर टाकून कुलूप लावले. त्याच साली, पावसाच्या तोंडावर, संकासुराचा, म्हणजे शिमग्यातल्या काळ्या राक्षसाचा, मुखवटा लावणारा शंकर माडावरून पडून गेला. तेव्हापासून गाव म्हणते की मान न मिळाल्यामुळे मुखवटा उपाशी राहिला आणि त्याने शंकरला खाल्ले. माझे मत असे की माडी पिऊन माडावर चढणाऱ्याला मरायला मुखवट्याची गरज लागत नाही. पण हे मत देवळात मांडल्यावर मला तिथून हाकलण्यात आले.

यंदा मी शिमगा पुन्हा उभा केला. घरोघर फिरलो, ढोल मढवून घेतला, दोन्ही म्हाताऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या. शेवटी गावकर तयार झाले, पण देवळाच्या पायरीवर सगळ्यांसमोर अट घातली.

"संकासूर पयलो तूच लावशीत. आणि तुका काय झाला तर तुझो बापूस माझ्या अंगणात येवन बसतलो, म्हणान आधी लिहून दी."

यावर माझे वडील उठले. मला वाटले, आता दुसरा ढोल फुटणार. ते म्हणाले, "गावकार बरोबर बोलतत." इतक्या वर्षांनी दोघांचे एकमत झाले, ते माझ्या मरणावर. सबब हा कागद.

कलम पहिले. स्थावर मला काही नाही. घर वडिलांचे आहे, आणि ते मला त्यातून दर आठवड्याला बाहेर काढतात.

कलम दुसरे. माझी सायकल, जिला साखळी नाही, ती वडिलांना. उतारावर चालते. चढावर मी जसा त्यांना ओढत न्यायचो तशी ती ओढत न्यावी. माझा दात अजून शाबूत आहे, तो मात्र देत नाही.

कलम तिसरे. माझी पेटी, दोन धोतरे आणि निळा कोट आईने ठेवावा. कोट कोणालाही वापरायला देऊ नये. तिने तो फणसाच्या दिवसांत उन्हात टाकावा आणि दोन शिव्या द्याव्यात, म्हणजे मी घरातच आहे असे तिला वाटेल.

कलम चौथे. कोल्हापूरच्या कॉलेजातील माझी पुस्तके, ज्यांची पुढची अर्धी जोडपाने मी कापून उघडलेलीसुद्धा नाहीत, ती आमच्या इतिहासाच्या प्राध्यापकांना परत. या गृहस्थांनी भर वर्गात सांगितले की कोकणात संस्कृती म्हणून काही नाही, मासे आहेत. मी उभा राहून आमच्या सोंगांबद्दल बोललो. ते म्हणाले, तो रानटीपणा. मी जे म्हणालो ते इथे लिहिण्यासारखे नाही. ते म्हणाले, बाहेर जा. त्यांना वर्गाबाहेर म्हणायचे असावे. मी रागाच्या भरात जो निघालो तो थेट मालवणात उतरलो. पुस्तकांबरोबर त्यांना आमच्या वाघाच्या मुखवट्याचे उंदराने खाल्लेले नाकही पाठवावे. वाघाला मी नवीन बसवले आहे.

कलम पाचवे, आणि हे सर्वांत महत्त्वाचे. गावाला असे वाटते की मी शिमग्यासाठी वेडा झालो. गाव थोडे चुकते. सोंगे ज्या माळ्यावर होती तो माळा आनंदीच्या घराचा आहे. आनंदी म्हणजे हरिश्चंद्र गावकरांची थोरली मुलगी. त्या घरात शिरायला मला दुसरे कोणतेच निमित्त नव्हते. सुरुवातीला माझे शिमग्याचे प्रेम हे या प्रेमाचे पोटभाडेकरू होते. पुढे पोटभाडेकरूने घर बळकावले, ही गोष्ट वेगळी.

पौष आणि माघ मी त्यांच्या पडवीत बसून मुखवटे दुरुस्त केले. चिंचोक्यांची खळ आनंदी शिजवून द्यायची. म्हातारीच्या सोंगाचा गाल तिने बसवला, आणि तो माझ्या हातच्या कोणत्याही कामापेक्षा चांगला आहे. संकासुराची वाखाची दाढी कसरीने खाल्ली होती, ती तिने नव्याने विणली. गावकर झोपाळ्यावरून आमच्याकडे बघत असत. माझ्यापेक्षा खळीवर त्यांची नजर जास्त असायची, कारण चिंचोके त्यांच्या झाडाचे.

पाडव्यानंतर आनंदीला बघायला मुंबईचा मुलगा येणार आहे. चष्मा आहे, नोकरी आहे, साखळीवाली सायकलही असेल. म्हणून मी एक बेत केला. आमच्याकडे रीत अशी की संकासूर मांडावर, म्हणजे शिमग्याच्या चौकात, काहीही बोलू शकतो. गावकराला ढेरपोट्या म्हणेल, फौजदाराला चोर म्हणेल. मुखवट्यामागच्या माणसाचे नाव कोणी घेत नाही, आणि तो शब्द कोणी मनात धरत नाही. मी ठरवले, धुळवडीला भर मांडावर, काळ्या तोंडाने आणि तांबड्या जिभेने, हरिश्चंद्र गावकरांकडे त्यांची मुलगी मागायची. मार पडणार नाही आणि सगळा गाव ऐकेल. हा बेत मला इतका आवडला की तो मी काल आनंदीला सांगितला.

ती खळ ढवळत होती. ढवळायची थांबली नाही.

"शिमग्यातला बोलणा कोण मनात धरता रे?" ती म्हणाली. "संकासुरान माका मागणी घातल्यान तर बाबा हसतले, पान खातले आणि घराक येतले. तुका काय व्हया ता तुझ्या तोंडान सांग."

मी म्हटले, मांडावर मुखवटा काढला तर रीत मोडते. ती म्हणाली, "ता माका म्हायत आसा." आणि भांडे उतरवून आत गेली.

ज्या रीतीच्या आडोशाने मी बोलणार होतो, त्याच रीतीने माझे बोलणे फुकट जाणार होते. कॉलेजात अर्धे का होईना तर्कशास्त्र शिकलो, आणि हे मला खळीच्या भांड्यापाशी कळले.

सबब मी ठरवले आहे की परवा धुळवडीला मांडाच्या मधोमध संकासूर उतरवून हातात धरीन आणि माझ्या या साध्या, उन्हाने रापलेल्या तोंडाने मागणी घालीन. मुखवटा फक्त देवळाच्या पायरीवर उतरवायचा असतो. मांडावर उतरवणाऱ्याला मांडावरून उठवतात, आणि मग जन्मभर त्याला शिमग्यात पाऊल टाकता येत नाही. जो शिमगा मी उभा केला त्यात मला जागा राहणार नाही. मुखवटा मला खाईल असे मला वाटत नाही. पण ढोल वाजत असताना कुंपणाबाहेर उभे राहायचे, हे मरणच आहे, आणि हा कागद त्याच मरणासाठी आहे असे समजावे.

कलम सहावे. तसे झाल्यास संकासूर गावाने पुन्हा माळ्यावर टाकू नये. जो कोणी तरुण रागीट असेल त्याला द्यावा. थंड डोक्याच्या माणसाला तो शोभत नाही. दर साली दाढी झटकावी, पाठीमागे कडुनिंबाचा पाला घालावा. होळीला पहिला हात दोन्ही म्हाताऱ्यांनी एकदम लावावा. कोणाचा आधी लागला हे बघायला जो वाकेल त्याला माझ्यातर्फे एक लाथ.

कलम सातवे. ज्या पितळी भांड्यात खळ शिजली ते, आणि माझ्याकडे जे काही उरले असेल ते सगळे, आनंदी हरिश्चंद्र गावकर हिला. मुंबईला जायची झाल्यास तिने भांडे बरोबर न्यावे. चष्मेवाल्याने त्यात चहा करू नये.

ज्याला काही मिळायचे त्याने साक्ष घालू नये, असे मालवणच्या कचेरीबाहेर बसणारे अर्जनवीस सांगतात. म्हणून पहिली साक्ष शेजारच्या हौसाबाईची घेत आहे आणि दुसरी जागा मोकळी सोडून कागद तिच्याचकडे ठेवत आहे. उद्या सकाळी सत्यवान न्हावी येऊन सही करील.

मुक्काम तोंडवली, फाल्गुन शुद्ध चतुर्दशी, शके १८८०.

सही: गुरुदास भिकाजी पाताडे

साक्ष पहिली: हौसाबाई, डाव्या हाताचा अंगठा. (अंगठ्याला खळ लागलेली होती, म्हणून ठसा जाड आला आहे.)

साक्ष दुसरी: आनंदी हरिश्चंद्र गावकर. सत्यवानाक मी परत धाडलंय. मी साक्ष घातलंय, म्हणजे माका ह्यातला कायएक नको. भांडा आमचाच आसा. धुळवडीक वेळार ये. बाबांक मी सांगान ठेवलंय, मांडावरसून उठवूचा आसात तर दोघांकय उठवा.