क्लबमधला तांबडा भात

भेस्तान, सुरत
१२ फेब्रुवारी १९९७

प्रिय कुसुमताई,

नूतनचा नमस्कार. तुझं पत्र पोचलं. गुडघ्याची सूज उतरली हे वाचून बरं वाटलं. इकडे प्रियांकाची परीक्षा तोंडावर आलीय. यांचे कापडाचे लूम दोन्ही पाळ्यांत चालू आहेत.

मागे आमच्याकडे आलीस तेव्हा क्लबच्या चिनी जेवणात खाल्लेला तांबडा भात कसा करायचा, असं तू विचारलंस. भजनाच्या बायकांना खाऊ घालायचाय म्हणतेस. सोपं आहे. सुक्या मिरच्या भिजवून लसणीबरोबर वाटायच्या, तेलात परतायच्या, गाजर-कोबी टाकून वर मोकळा भात. तिकडे शेजवान मुलखात म्हणे याहूनही तिखट खातात.

आम्हाला क्लबचं सभासद करून घेतलं. हे फार खूश आहेत. बमरोलीत दुसऱ्याच्या लूमवर उभे राहायचे, आता त्या मालक लोकांबरोबर जेवायला बसतात.

ताई, तुझ्या पत्रातली एक ओळ मला घास गिळू देत नाही. 'मोठ्या लोकांत गेलीस, तरी माझ्या माळेचं भान ठेवलंस.'

नाही ठेवलं.

त्या भातात अंडं होतं. तू ताट घेऊन बसलीस तेव्हा वाढपी माझ्या कानाशी म्हणाला, "बेन, शाकाहारी त्या टेबलावर आहे." मी उठणारच होते. पण तो भात सेक्रेटरींच्या बायकोने, हर्षाबेनने, स्वतःच्या हाताने तुला वाढला होता आणि त्या तिथेच उभ्या होत्या. क्लबात आमचं नाव घ्यायचं की नाही, ते तेव्हा अजून ठरायचं होतं. तू घास हातात धरून मला विचारलंस, "यामा काही नही ना वं?"

मी म्हणाले, "काही नाही ताई, खा."

तू खाल्लंस. वर पुन्हा मागून घेतलंस. हर्षाबेन हसल्या, हे हसले, मीही हसले. तू ताट बाजूला सारलंस तर हर्षाबेनसमोर आमची काय शोभा राहील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. जिजाजी गेल्यावर तू कशाच्या आधाराने उभी राहिलीस, हे मला ठाऊक असून.

यांना अजून सांगितलं नाही. 'गप्प बस, तिला कुठे कळणारे,' म्हणतील याची भीती वाटते. मी ते ऐकेन याची जास्त.

तुझ्याकडे दोष नाही. तू विचारलंस, मी खोटं बोलले. रविवारी सकाळच्या गाडीने बारडोलीला येते. ज्यांच्या हातून माळ घातलीस त्या महाराजांकडे जायचं असेल तर बरोबर येईन, त्यांच्यासमोरही हेच सांगेन. मला घरात घ्यावंसं वाटलं नाही तर ओट्यावर बसेन.

पाया पडते. आशीर्वाद मागत नाही.

तुझी धाकटी,
नूतन