कर्ण्याची शिट्टी आणि माझे कान

ता. ३ मार्च १९४१, भोर
तंबू-सिनेमाच्या ॲम्प्लिफायरमधला कर्ण्याकडचा ट्रान्सफॉर्मर जळाला होता, तो पुण्याहून नव्यानं तार गुंडाळून आला. गुंडाळणाऱ्या गाढवांनी तारांच्या टोकांवर खुणाच केलेल्या नाहीत. लढाईमुळे नवा मिळत नाही, तेव्हा हाच. हिवताप उतरला, पण त्यावरच्या कोयनेलच्या गोळ्यांनी कान अजून वाजताहेत. मालकांना बोललो नाही.

ता. ५
फीडबॅकची तार आज जोडली. कर्ण्याकडे जाणाऱ्या आवाजातला चिमूटभर मागच्या व्हॉल्व्हला उलटा परत द्यायचा. आवाज थोडा दबतो, पण स्वच्छ होतो. सुलटा गेला तर लाडावलेल्या पोरासारखा चढतच जातो, शेवटी किंचाळतो. तार कुठल्या टोकाला, हे कानानंच ठरवायचं. हलक्या आवाजावर दोन्हीकडे लावून पाहिली. एकीकडे भरदार वाटला. तीच बाजू ठेवली, डाख देऊन तार पक्की केली.

ता. ८, मार्गासनी
जत्रेचा खेळ. आवाज वाढवला आणि पहिल्या गाण्यालाच माणसं कानांवर हात ठेवून उठली. मला वाटलं पडदा फाटला की काय. इंजिनवाला धोंडिबा धावत आला.
"मास्तर, कर्णा शिट्टी मारतुय. तुमास्नी ऐकू येत न्हाई व्हय?"
शिट्टी ऐकू येत होती. आजारपणापासून येतेच आहे. त्यातली कर्ण्याची कुठली नि माझी कुठली...
खेळ बंद. धोंडिबाचं ते बोलणं मालकांनीही ऐकलं.

ता. ९
सकाळी तार दुसऱ्या टोकाला लावली. धोंडिबाला कर्ण्यासमोर उभं केलं. "थांबली बगा," म्हणाला. माझी थांबली नाही.
आवाज दबतो तीच बाजू बरोबर, हे मी चारचौघांना शिकवलेलं. आणि स्वतः मात्र भरदार ते गोड मानून बसलो. बहिऱ्याला मोठंच आवडणार. फार भीती वाटते. या कानांवरच पोट, दुसरं काही येत नाही.

ता. ११, नसरापूर
खेळ ठीक झाला म्हणे. धोंडिबा कुणाला बोलणार नाही, शपथ घातली आहे.
संध्याकाळी मालकांनी तंबूमागं बोलावलं. पाठ करून उभा राहा म्हणाले. खिशातलं घड्याळ माझ्या कानाशी धरलं.
"चालू आहे का बंद?"
नेहमीची शिट्टी, बाकी काही नाही.
"चालू," म्हणालो.
वळलो तोवर घड्याळ खिशात गेलं होतं. उद्या सामान भोंगवलीला हलायचं. मी यायचं का, ते विचारायचं धाडस झालं नाही.